लाइट घेतलेल्या बाईचं ताट वेगळं कशाला?

आम्ही बचत गटाच्या सहयोगिनी आज हिशेब, कर्ज, हप्ते बाजूला ठेवून एका वेगळ्याच गोष्टीवर बोलणार आहोत. गटाच्या बैठकीत हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. बैठक संपल्यावर कोपऱ्यात हळूच विचारतात, "ताई, ती लाइट घेऊन आली आहे. तिच्याजवळ लेकरू दिलं तर चालेल का?"

कर्करोगावर मशिनीतून जे किरण देतात, त्याला आपल्याकडे 'लाइट घेणं' किंवा 'शेक देणं' म्हणतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या बाया त्यासाठी अकोला, नागपूर, मुंबई गाठतात. आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे हे चालतं. एवढं सोसून बाई घरी येते आणि घरात तिचं ताट वेगळं, पेला वेगळा, अंथरूण ओसरीवर. आम्ही हे आपल्या गावांमध्ये पाहिलं आहे.

किरणांचा मार लागलेला जीव दुसऱ्याला काही कळवतो का? खरं सांगायचं तर हो, कळवतो. पण काय कळवतो, ते नीट समजून घेऊ.

मधमाशीनं डंख मारला की तिथून पिकल्या केळीसारखा वास सुटतो. तो इतर माश्यांना निरोप असतो, 'धोका आहे, या.' कपाशीचं पान अळीनं कुरतडलं की झाड हवेत वास सोडतं आणि त्या वासावर अळीचे शत्रू असलेल्या बारीक गांधीलमाश्या येतात. तोंड नसलेले जीवसुद्धा असे रसायनांनी बोलतात.

आपल्या शरीरातल्या पेशीही तशाच. १९९२ साली अमेरिकेत नागासावा आणि लिटल या दोन शास्त्रज्ञांनी काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर किरणांचा अगदी थोडा मारा केला. शंभरात एकीलाही धड मार लागला नव्हता, पण बदल दिसला तो शंभरातल्या तीसेक पेशींत. मार लागलेली पेशी शेजारणीला निरोप देते, असं यातून दिसलं. दोन पेशींमधल्या बारीक वाटांतून आणि भोवतीच्या पाण्यात रसायनं सोडून ती तो निरोप देते.

पुढे २००६ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात कार्मेल मदरसिल आणि त्यांच्या सोबत्यांनी ट्राउट जातीच्या माशांवर प्रयोग केला. काही माशांना क्ष-किरण दिले आणि मग त्यांना किरण न दिलेल्या माशांसोबत एकाच टाकीत सोडलं. त्या दुसऱ्या माशांच्या अंगातही प्रतिसाद दिसला. किरण दिलेले मासे काढून घेतले आणि त्यांच्या पाण्यात नवे मासे सोडले, तरीही दिसला. म्हणजे पाण्यात काहीतरी रसायन उतरलं होतं.

आता कुणी म्हणेल, "पाहा, म्हणजे लागतंच की!" इथंच थांबा. माशांनी पाण्यात सोडला तो निरोप होता, किरण नव्हे. माशीच्या डंखाचा वास आला म्हणून आपल्याला डंख बसला असं होत नाही. आणि टाकीतल्या माशांवरून माणसाच्या ताटाला विटाळ ठरवता येत नाही.

बाहेरून मशिनीनं दिलेले किरण मशीन बंद झाली की संपतात. दिवा विझवल्यावर खोलीत उजेड साठून राहतो का? तसंच हे. ती बाई किरण सोडत नाही. तिच्या घामातून नाही, उष्ट्यातून नाही, कुशीतून नाही.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. टॅग-२४ हा भुईमूग तुमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत असेल. ट्रॉम्बे, अकोला आणि ग्राउंडनट यांची ही अक्षरं. मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून तो आणला. त्याच्या वंशातल्या बियांना कधीकाळी किरण दिलेले होते. नाशिक जिल्ह्यात लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून किरण देण्याचं केंद्र आहे. तो भुईमूग, तो कांदा आपण खातो, आणि त्यातून किरण निघत नाहीत.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगात आतून शेक देतात. त्यात किरणांची वस्तू थोडा वेळ आत ठेवून काढून घेतात. ती काढली की मागे काही राहत नाही. अपवाद आहे तो किरणोत्सारी औषध पोटात देतात तेव्हाचा, जसं थायरॉईडच्या आजारात आयोडीन. तेव्हा काही दिवस लेकरांपासून आणि गरोदर बाईपासून दूर राहायला डॉक्टर सांगतात. ते दिवस मोजून पाळायचे आणि मग सोडून द्यायचे.

मग गटानं काय करायचं? तिला पंगतीत आपल्या शेजारी बसवायचं. शेक दिलेली कातडी नाजूक होते, म्हणून तिथं डॉक्टरांना विचारल्याशिवाय हळद, तेल, मलम काही लावू द्यायचं नाही. तिला थकवा येतो, तर पाण्याची घागर आपण उचलायची. दवाखान्यात सोबत कोण जाणार, त्याची पाळी लावायची. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद आशाताईंकडून समजून घ्यायचे.

मार लागलेली एक पेशीसुद्धा शेजारणीला हाक मारते, मैत्रिणींनो. आपल्या गटातली बाई हाक मारेल तेव्हा आपण ओ द्यायची.