घराचा सौदा आणि दलाली

औराद, भालकी किंवा आळंद येथे घर घेणाऱ्या मराठी माणसाला दलाल लागतो, तो केवळ घर दाखविण्यापुरता नव्हे. निजामी अमदानीतील जुने दस्त उर्दूत. १९५६ साली हा मुलूख म्हैसूर राज्यात गेल्यावर पुढचे कागद कन्नडात होऊ लागले. मराठी शाळेत शिकलेल्या गिऱ्हाइकाला ते वाचून दाखवितो बहुधा दलालच! आणि सौदा पुरा झाल्यावाचून त्याच्या पदरी दमडी पडत नाही. घरावरील बोजा, भावाचा हिस्सा, बहिणीची राहून गेलेली सही, हे ज्याने सांगावयाचे त्याचाच लाभ ते न सांगण्यात असतो.

किमतीचेही तेच. समजा, घर २० लाखांचे आणि दलाली शेकडा २. म्हणजे ४० हजार. भाव लाखाने उतरला तर खरेदीदाराचा लाख वाचतो, दलालाचे मात्र २ हजार बुडतात. मग त्याने घासाघीस कोणासाठी करावी?

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने दलालांस नोंदणी सक्तीची केली. पण ती नोंदलेल्या प्रकल्पांतील विक्रीपुरतीच. गल्लीतील जुने घर त्याबाहेर राहते. तेथे इसार देण्यापूर्वीच दलालीची ठोक रक्कम लिहून घ्यावी. बोजाचा दाखला उपनिबंधक कचेरीतून स्वतः काढून, कन्नड व उर्दू कागद वकिलाकडून वाचून घ्यावेत. त्याची फी सौदा जमला काय, मोडला काय, तेवढीच असते.