दाबाखालचा प्राणवायू

(हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाची संहिता)



२०२१ च्या उन्हाळ्यात देशातील असंख्य घरांत एक छोटे यंत्र येऊन दाखल झाले. ते बोटाला लावायचे, आकडा वाचायचा आणि तो अठ्ठ्याण्णव दिसला की सुटकेचा निःश्वास टाकायचा. ऑक्सिमीटरने एका संपूर्ण पिढीला प्राणवायू मोजायला शिकविले. मात्र तो आकडा नेमके काय सांगतो, याची चौकशी फार थोड्यांनी केली. हिमोग्लोबिन हे प्राणवायूची ने-आण करणारे वाहन मानले, तर त्यातील किती आसने भरली आहेत, एवढेच हे यंत्र सांगते. निरोगी माणसाची जवळजवळ सर्व आसने साध्या हवेतच भरलेली असतात. मग अशा माणसाला शुद्ध प्राणवायू दिला, तर तो बसणार कोठे? हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी म्हणून ओळखला जाणारा उपचार या साध्या प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे.

उत्तर असे की, जादा प्राणवायू उभ्याने प्रवास करतो. रक्तातील पेशी बाजूला काढल्यास जो पिवळसर रक्तद्रव उरतो, त्यातही थोडा प्राणवायू विरघळलेला असतो. साध्या हवेत श्वास घेताना १०० मिलिलिटर रक्तामागे तो अवघा ०.३ मिलिलिटर भरतो. द्रवात किती वायू विरघळेल हे त्या वायूच्या दाबावर ठरते, हा नियम विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ साली मांडला. गोटी सोड्याची बाटली ज्याने फोडली आहे, त्याला हा नियम निराळा शिकवावा लागत नाही. गोटी आत ढकलली की दाब उतरतो आणि विरघळलेला वायू फसफसून वर येतो. याच्या उलट, रुग्णाला बंद कक्षात ठेवून भोवतालचा दाब तिप्पट केला आणि शुद्ध प्राणवायू श्वासावाटे दिला, तर विरघळलेला प्राणवायू ०.३ वरून सुमारे ६ मिलिलिटरपर्यंत चढतो. विश्रांतीच्या स्थितीत शरीराच्या पेशी १०० मिलिलिटर रक्तातून सुमारे ५ मिलिलिटर प्राणवायू उचलतात. म्हणजे तेवढ्या वेळापुरती हिमोग्लोबिनची गरजच उरत नाही. ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद इटे बोएरेमा यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे प्रत्यक्ष दाखवून दिले. डुकरांच्या शरीरातील तांबड्या पेशी जवळजवळ पूर्णपणे काढून त्यांना तिप्पट दाबाच्या कक्षात ठेवले, तरी ती जिवंत राहिली. त्यांच्या निबंधाचे शीर्षकच ‘रक्ताविना जीवन’ असे होते.

दाबाच्या कक्षाची कल्पना मात्र रुग्णालयात जन्मली नाही. तिचे मूळ पुलांच्या पायात आहे. नदीच्या तळाशी पाया खणण्यासाठी तळ उघडा असलेली प्रचंड पेटी खाली सोडतात आणि पाणी आत शिरू नये म्हणून तिच्यात दाबाखाली हवा भरतात. कोलकात्याचा हावडा पूल बांधताना शहराच्या बाजूच्या पायासाठी अशीच दाबाची हवा वापरावी लागली. तो दाब चौरस इंचाला सुमारे ४० पौंड होता. अशा पेटीत काम करणाऱ्याच्या रक्तात नायट्रोजन विरघळतो. तो माणूस घाईने वर आला, तर सोड्याच्या बाटलीत जे होते तेच त्याच्या सांध्यांत आणि मज्जारज्जूत होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच व्याधीने १८७२ साली अंथरुणाला खिळले. पुढे १८८३ मध्ये पूल पुरा होईपर्यंत त्यांच्या पत्नी एमिली यांनी त्यांच्या सूचना बांधकामापर्यंत पोहोचविल्या आणि त्यासाठी अभियांत्रिकीचे गणित स्वतः शिकून घेतले. पुलाच्या कथेत त्यांचे नाव अजूनही दुसऱ्या ओळीत येते, हे बरे नव्हे. व्याधीवरचा उपाय १८९० च्या सुमारास हडसन नदीखालील बोगद्याच्या कामावर अर्नेस्ट मोअर या अभियंत्याने अमलात आणला: आजारी कामगाराला पुन्हा दाबात न्यायचे आणि मग सावकाश बाहेर काढायचे. पाणबुड्यांवर आजही हाच उपचार होतो. त्यात शुद्ध प्राणवायूची भर पडली, एवढाच फरक. मालवणच्या समुद्रात हौसेने स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांनी त्याच दिवशी विमानात बसू नये, हा नियमही यातूनच आला आहे.

पालकांच्या दृष्टीने याहून जवळचा विषय न्हाणीघरातील गॅस गिझरचा आणि थंडीत बंद खोलीत पेटविलेल्या शेगडीचा. अपुऱ्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटतो. येथे ऑक्सिमीटर दगा देतो, कारण आसनावर कोण बसले आहे हे त्याला ओळखता येत नाही. मूल बेशुद्धीकडे झुकत असताना तो निर्धास्तपणे अठ्ठ्याण्णव दाखवू शकतो. साध्या हवेत रक्तातील निम्मा विषारी वायू बाहेर पडण्यास चार ते पाच तास लागतात, मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे सव्वा तास, आणि तिप्पट दाबाच्या कक्षात वीस-पंचवीस मिनिटे. तरीही पहिला उपचार कक्ष हा नव्हे. दार उघडून त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणणे आणि हाती येईल त्या रुग्णालयात ताबडतोब प्राणवायू सुरू करणे, हे आधी. दूरच्या शहरातील कक्षाच्या शोधात मास्कचा एक तासही दवडू नये.

बहुसंख्य भारतीय रुग्णांची या उपचाराशी गाठ पडते ती मधुमेहाच्या पायाच्या जखमेमुळे. अशा जखमेच्या भोवती रक्तपुरवठा मंदावलेला असतो. जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना मारण्याचे काम करण्यासाठीही प्राणवायू लागतो, नवा पापुद्रा विणणाऱ्या पेशींनाही लागतो. कक्षात वारंवार मिळणाऱ्या भरपूर प्राणवायूने सूज ओसरते आणि काही आठवड्यांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे नवे अंकुर फुटू लागतात, हे या उपचारामागचे तर्कशास्त्र. ते पटण्याजोगे असले, तरी निष्कर्ष एकमुखी नाहीत. स्वीडनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ९४ रुग्णांच्या अभ्यासात वर्षअखेरीस उपचार घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांची जखम भरली, तर नुसती दाबाखालची हवा घेतलेल्यांपैकी २९ टक्क्यांची. कॅनडातील २०१६ च्या आणि नेदरलँड्समधील २०१८ च्या अभ्यासांत मात्र असा ठळक फरक आढळला नाही. म्हणून ‘पाय वाचेलच’ असे सांगणाऱ्या केंद्रापासून सावध राहावे. साखर आटोक्यात नसेल, मोठी रोहिणी तुंबलेली असेल, मृत ऊती काढून जखम स्वच्छ केली नसेल किंवा तंबाखू सुटली नसेल, तर कक्षातील तास वाया जातात. कर्करोगावरील किरणोपचारानंतर वर्षांनी जबड्याच्या हाडाला वा मूत्राशयाला होणारी इजा, चिघळलेला हाडांचा जंतुसंसर्ग, वायुजन्य गँगरीन अशा आणखी काही मोजक्या व्याधींतही हा उपचार मान्यता पावला आहे.

मोजक्या, हा शब्द मुद्दाम वापरला आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, स्मृतिभ्रंश, तारुण्य टिकविणे, अशा नाना गोष्टींसाठी हा उपचार विकला जातो. आणि मुलासाठी काहीही करावयास तयार असलेले आईवडील हे अशा विक्रीचे सर्वांत सोपे गिऱ्हाईक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ साली अशा दाव्यांविरुद्ध जाहीर इशारा दिला. त्याआधी २००१ साली कॅनडातील क्यूबेक प्रांतात सेरेब्रल पाल्सी असलेल्या १११ मुलांवर झालेला अभ्यास तर प्रत्येक पालकाने समजून घ्यावा असा आहे. अर्ध्या मुलांना वाढीव दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला आणि उरलेल्यांना किंचित वाढविलेल्या दाबाची साधी हवा. चाळीस बैठकांनंतर दोन्ही गटांतील मुले सुधारली, आणि जवळजवळ सारखीच सुधारली. किंचित दाबाची हवादेखील औषधच होती, असा युक्तिवाद उपचाराचे समर्थक करतात. तो पटत नाही. दोन्ही गटांत एक गोष्ट समान होती. रोज एक मोठे माणूस त्या मुलाला घेऊन जात होते, तासभर त्याच्याजवळ थांबत होते आणि त्याच्या प्रत्येक हालचालीकडे अपेक्षेने पाहत होते. सुधारणेचे श्रेय यालाही असू शकते, ही शक्यता खुद्द संशोधकांनी मांडली होती. बालवर्गाच्या शिक्षिकांना तिचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

ज्यांना हा उपचार खरोखरच सांगितला गेला आहे, त्यांनी काय अपेक्षावे? कक्ष दोन प्रकारचे असतात. एकात पारदर्शक नळकांड्यात एकटा रुग्ण आडवा होतो. दुसरा खोलीएवढा, त्यात अनेक जण बसून मास्कने वा डोक्यावरील पारदर्शक टोपातून प्राणवायू घेतात. जुनाट जखमांसाठी दाब बहुधा दोन ते अडीच पट ठेवतात. एक बैठक दीड ते दोन तासांची, आठवड्यातून पाच दिवस, अशा वीस ते चाळीस बैठका. रोज सोबत कोण येणार, याचा विचार घरच्यांनी आधीच करून ठेवलेला बरा.

सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे दाब चढतो. तेव्हा घाट उतरणाऱ्या गाडीत बसतात तसे कानांना दडे बसतात आणि थोडे उकडते. आवंढा गिळावा, जांभई द्यावी, नाक चिमटून हलकेच फुंकावे; दुखू लागल्यास सहन करीत न बसता लगेच सांगावे, म्हणजे दाब थांबविता येतो. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी जाऊ नये. अतिरिक्त प्राणवायूने मेंदूला आकडी येऊ शकते, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ सालीच नोंदविले होते. म्हणूनच अनेक केंद्रांत मध्येमध्ये पाच-पाच मिनिटे साधी हवा देतात. आकडी क्वचितच येते आणि प्राणवायू थांबविताच ओसरते. फुप्फुसाभोवती हवा साठली असेल तर हा उपचार अजिबात घेता येत नाही, आणि ब्लिओमायसिन हे कर्करोगावरील औषध पूर्वी घेतले असल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. मधुमेही व्यक्तीची साखर आत असताना उतरते. उपाशीपोटी जाऊ नये.

सर्वांत कडक नियम आगीचे. इटलीत मिलान येथे १९९७ साली अशा कक्षात लागलेल्या आगीत अकरा जण मृत्युमुखी पडले, आणि निमित्त ठरले ते हात शेकण्याचे एक लहानसे उपकरण. म्हणून केंद्राने दिलेले सुती कपडेच घालावेत. मोबाइल, काडेपेटी, श्रवणयंत्र, केसांचे तेल, अत्तर, काजळ, यांतले काही आत नेऊ नये. ज्या केंद्रात ही झडती कोणी घेत नाही, तेथून परत फिरावे.

बैठका निम्म्यावर आल्या की जखमेचे मोजमाप घेऊन पुढे चालू ठेवायचे की थांबायचे, हे डॉक्टर ठरवितात. तसे न घडल्यास रुग्णाने विचारावे. याच सुमारास काहींना लांबचे अंधुक दिसू लागते, तर जवळचे वाचन चष्म्याविना जमू लागते. भिंगाच्या गुणधर्मात होणारा हा बदल बहुधा तात्पुरता असतो. उपचार संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांत नजर सहसा पूर्वपदावर येते, तोवर नवा चष्मा करण्याचा खर्च टाळावा.