युद्धकथा आणि तोतया



शिपायाच्या युद्धानुभवावर लिहिलेल्या कथेत खरे किती असते आणि रचलेले किती, हा आजचा विषय आहे. हा प्रश्न केवळ साहित्यिकांचा आहे, असे कृपा करून समजू नका. फौजेतून परतलेला मनुष्य बोरी अरबच्या पारावर येऊन बसला, की आपणही त्याला विचारतोच, "लढाई कशी झाली?" त्यावर तो जे सांगतो ती त्याची आठवण असते, की आपल्याला हवी असलेली गोष्ट?

पानिपताचे उदाहरण घेऊ. १४ जानेवारी १७६१ या दिवसाच्या कहाण्या महाराष्ट्रात उदंड आहेत. लिहून ठेवणारे साक्षीदार मात्र मोजके. काशीराज हा शुजाउद्दौल्याच्या पदरचा. त्याने आपली फारसी हकीकत लिहिली ती सुमारे वीस वर्षांनी. भाऊसाहेबांच्या बखरीत तर अशी संभाषणे आहेत, की ती ऐकायला लेखक तेथे असणे शक्यच नव्हते. आणि रसद तुटल्यावर ज्यांनी उपास काढले, त्या बारगिरांची व बुणग्यांची बाजू त्यांच्याच हातची लिहिलेली आपल्यापाशी जवळजवळ नाही. त्यांची भूक आणि त्यांचे भय कोणीतरी कल्पनेनेच उभे केले पाहिजे. म्हणून चिंतामणराव वैद्यांनी १९१४ साली 'दुर्दैवी रंगू' लिहिली काय, किंवा विश्वास पाटील यांनी १९८८ साली 'पानिपत' लिहिली काय, त्यांनी कल्पना केली हा त्यांचा दोष नव्हे. कल्पना केली नाही, तर मुक्याने मेलेला शिपाई कायमचा मुकाच राहील.

मग दोष कोठे सुरू होतो? याचे उत्तर पानिपतानंतरच्या इतिहासातच आहे. सदाशिवरावभाऊंचा देह सापडला व त्याचे दहन झाले, असे काशीराज सांगतो. परंतु लोकांचे मन ते मानावयास तयार नव्हते. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनीही वैधव्य पत्करले नाही. अशा वेळी 'मीच भाऊ' म्हणणारा एक मनुष्य पुढे आला. १७७६ साली त्याने कोकणात बंड उभारले, किल्ले घेतले, माणसे जमविली आणि शेवटी देहान्त शिक्षा भोगली. त्याला एवढे अनुयायी कसे मिळाले? लोकांना जे खरे व्हावे असे वाटत होते, तेच त्याने खरे म्हणून पुढे केले.

माझे म्हणणे एवढेच, की युद्धकथेने कल्पना जरूर करावी, पण तोतया होऊ नये. हरलेल्याला विजयाची, घाबरलेल्याला केवळ शौर्याची आणि आपल्या अभिमानाला गोड वाटणारी आठवण पुरविणारी कथा ही तोतयाच होय. मग तिच्यातील तारखा कितीही अचूक असोत.

टॉलस्टॉय स्वतः सेवास्तोपोलच्या वेढ्यात होता. त्याच्या 'युद्ध आणि शांती'त रोस्तोव्ह नावाचा तरुण आपली एक चकमक मित्रांना सांगू लागतो. प्रत्यक्षात तो घोड्यावरून पडला होता आणि जीव घेऊन पळाला होता. खरे सांगण्याच्या इच्छेनेच तो सुरुवात करतो. पण ऐकणारे घोडदौडीच्या वर्णनाची वाट पाहत असतात, आणि नकळत तो तसेच वर्णन करू लागतो. येथे खोटेपणाचा अर्धा वाटा श्रोत्यांचा आहे, हे ध्यानात घ्यावे.

उलट नाना फडणीस पाहा. पानिपतावर ते एकोणीस वर्षांचेही नव्हते. पुढे ते मराठी राज्याचे कर्तेकरविते झाले; पराक्रमाची कहाणी रचणे त्यांना अवघड नव्हते. तरीही आपल्या लहानशा आत्मवृत्तात त्यांनी सांगितले ते आपले पळणे, उपाशी पायपीट आणि त्या धामधुमीत आई अंतरल्याचे दुःख. स्मृती चुकत असेल. पण जी आठवण सांगणाऱ्याला मोठे करीत नाही, तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

तेव्हा पारावरच्या त्या मनुष्याला पराक्रमच विचारू नका. तहान लागली होती का, शेजारी कोण होते, परत कोण आले नाही, हे विचारा. आणि तो गप्प राहिला, तर त्या गप्प राहण्यालाही मान द्या. असे श्रोते लाभले, तर लेखकाला तोतया उभा करण्याची गरज पडणार नाही.