१८० घरांवरून अख्खा जिल्हा?



राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या ७०७ जिल्ह्यांतली ६,३६,६९९ घरं पाहिली गेली. आकडा बघून डोळे दिपतात! पण भागाकार करा: जिल्ह्यामागे साधारण ९००. आपल्या जिल्ह्यात मुसलमान पाचवा हिस्सा, म्हणजे १८०च्या आसपास घरं. एवढ्यावर कुणी शोधनिबंधात ‘इथल्या मुस्लिमांपैकी ५० टक्के’ असं काही लिहिलं, तर खरा आकडा ४३ ते ५७ मध्ये कुठेही असू शकतो. घरं वस्तीवस्तीने निवडतात, म्हणून फरक आणखी वाढतो. लसीकरण मोजायचं तर एक ते दोन वर्षांची मुलं लागतात; १८० घरांत ती कितीशी असणार?

असा निबंध दिसला तर फेसबुकवर भांडू नका. जर्नलच्या संपादकांना पत्र लिहा: तक्ता कितवा, नमुना केवढा, हिशेब कुठे चुकला. लेखकाच्या हेतूबद्दल अवाक्षर नको.

आणि आकडा आपल्या सोयीचा असला, तरी पत्र लिहाच. देशातल्या मुस्लिमांचा जननदर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, पाचव्या फेरीत २.४. हा मोठ्या नमुन्यावरचा आकडा, खुशाल सांगा. फक्त त्यावरून आपल्या मोहल्ल्याचा दर काढू नका.