आधी पट्टी, मग तार

व्हायोलिनला कुठल्या तारा लावाव्यात, या विषयावर मी तासभर बोलणार आहे, हे ऐकून माझ्या एका गवई मित्रानं विचारलं, "आणि उरलेली पंचावन्न मिनिटं?" त्याला वाटलं, दुकानात जायचं, त्यातल्या त्यात महाग पाकीट घ्यायचं, झालं काम. इथे दिल्लीच्या द्वारकेतही बहुतेक घरांत तेच होतं. मुलगी परीक्षेसाठी पाश्चात्त्य धडे वाजवते, शेजारच्या सोसायटीतले काका निवृत्तीनंतर यमन शिकतात, आणि दोघांकडे संच एकच.

आता त्या पाकिटात काय असतं ते पाहू. पाश्चात्त्य व्हायोलिनच्या चार तारा जी, डी, ए, ई अशा मिळवतात. आपल्या पेटीच्या भाषेत खालून वर पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन. कारखान्यात तारेची जाडी ठरते ती या चार सुरांसाठी. तिथे पोचल्यावर चारही तारांचा मिळून साधारण 22 किलोंचा ताण येतो, आणि घोडी, पोटातली काठी, वरची फळी सगळं तो ताण धरूनच बेतलेलं असतं.

आपण मात्र पाकीट घरी आणतो आणि षड्ज-पंचमात मिळवतो. कुणी सा-प-सा-प, कुणी प-सा-प-सा. समजा, काकांची पट्टी पांढरी दोन आहे आणि ते प-सा-प-सा मिळवतात. मधल्या दोन तारा जागच्या जागी राहतात. पण सर्वांत खालची पांढरी पाचवरून सहावर चढते आणि सर्वांत वरची पांढरी तीनवरून दोनवर उतरते. एकेका स्वराचा तर फरक, असं वाटेल. पण ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे खालच्या तारेवर सुमारे 27 टक्के ताण वाढला आणि वरच्या तारेचा सुमारे 21 टक्के गेला. खालची तार गज लावला की आवळल्यासारखी बोलते. वरची ढिली पडते, बोट जरा जोरात दाबलं तर सूर चढतो, आणि मींड घेताना आवाज पसरतो. काका बिचारे गुरुजींची बोलणी खातात. दोष बोटांत कमी आणि पाकिटात जास्त असतो.

यावर उपाय सोपा आहे. बऱ्याच चांगल्या तारा हलक्या, मध्यम आणि जड अशा तीन जाड्यांत मिळतात. वर चढवायची ती हलकी घ्या, खाली उतरवायची ती जड. काकांनी खालची हलकी आणि वरची जड मागवावी. उलट काळी चारमध्ये सा-प-सा-प मिळवणाऱ्याला चारही तारा अर्ध्याच स्वरानं हलवाव्या लागतात, खालच्या दोन वर आणि वरच्या दोन खाली. त्याला नेहमीचा मध्यम संच चालून जातो. म्हणून म्हणतो, तारांचं नाव विचारण्याआधी पट्टी विचारा. मिरजेच्या तंबोरेवाल्यांना हे सांगावं लागत नाही. तंबोरा बायकी हवा की मर्दानी, सूर कोणता, हे कळल्याशिवाय ते तारा चढवत नाहीत. व्हायोलिन परदेशी म्हणून त्याला मात्र हा प्रश्न आपण विचारत नाही.

मग येतो तो धातूचा आणि तातीचा प्रश्न. मेंढीच्या आतड्याची तात शेकडो वर्षं चालली. आवाज गोड, पण हवेतल्या ओलाव्यावर रुसते. पोलादी तार स्वस्त, टिकाऊ, चटकन बोलणारी. नवशिक्या मुलांना मी तीच सुचवतो, फक्त शेपटाकडे बारीक पेच हवेत, कारण खुंटी केसभर फिरली तरी सूर कुठच्या कुठे जातो. या दोहोंच्या मधली तार व्हिएन्नाच्या थॉमास्टिकनं 1970मध्ये आणली: गाभा नायलॉनच्या जातीचा, वर धातूचं वेष्टन. नाव डॉमिनंट. तातीचा मऊपणा बराचसा राहिला आणि रुसवे पुष्कळ कमी झाले. लावल्यावर काही दिवस ती उतरत राहते, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नवी तार चढवू नये.

आपल्या वाजवण्याला यातलं काय मानवेल? विष्णू गोविंद जोगांचा बाज आठवा: लयकारी, गजाचे छोटे चपळ तुकडे, बिस्मिल्ला खाँसाहेबांशी रंगलेल्या जुगलबंद्या. दुसरीकडे दामोदर केशव दातारांचं गायकी अंगाचं, लांब श्वासाचं वादन. गजाननराव जोशी तर स्वतः गवई. रामकृष्णबुवा वझ्यांपासून तालीम घेतलेला गळा त्यांच्या गजात उतरला होता. यांनी कोणत्या तारा लावल्या याची यादी मी देणार नाही, तिचा तुम्हाला उपयोगही नाही. पण जोगांच्या वाटेनं जायचं असेल तर झटकन उत्तर देणारी तार हवी, आणि दातारांच्या वाटेनं जायचं तर बोट अडखळणार नाही असं गुळगुळीत वेष्टन हवं. वेष्टन उसवायला लागलं, बोटाला खरखर जाणवली, की तार तुटायची वाट पाहू नका. मींड आधीच तुटलेली असते.

आता दिल्लीची हवा. मे-जूनमध्ये लू वाहते, लाकूड सुकतं, खुंट्या सटकतात. पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून अडकतात. आणि दर वेळी आळ येतो तारेवर! तार बदलण्याआधी खुंटी पाहा. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडीत व्हायोलिन ठेवून बाजारात जाणाऱ्यांना तर काय बोलावं; तिथे सरससुद्धा सुटतो.

तारा बदलताना एकेकच बदला. चारही एकदम काढल्या तर घोडी पडते आणि पोटातली काठीही निसटू शकते. ती उभी करणं घरचं काम नव्हे. घोडीच्या आणि वरच्या आटीच्या खाचेत शिसपेन्सिल फिरवा, म्हणजे वेष्टन कापलं जात नाही. मुलाचं व्हायोलिन पाऊण मापाचं असेल तर तारही पाऊण मापाचीच मागा. पूर्ण मापाची लावली तर लांबी कमी, म्हणून ताण कमी, आणि वेष्टन खुंटीत गुंडाळलं जाऊन फाटतं. दुकानदार "चालेल" म्हणेल. त्याला माप, पट्टी आणि जाडी, तिन्ही लिहिलेली चिठ्ठीच द्या.