वेल ओळखल्याशिवाय चिठ्ठी नको



आपलं वैद्यांचं संमेलन कळव्यात भरलं याचा मला आनंद आहे. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी वनौषधींबद्दल बोलायचं म्हणजे साक्षीदार समोर बसवून बोलण्यासारखं आहे.

२०२० च्या पावसाळ्यात घरोघरी काढे उकळत होते. माझ्या एक जुन्या रुग्ण हातात वेल घेऊन आल्या. "वैद्यबुवा, तुम्ही सांगितलेली गुळवेल, आठ दिवस घेतेय." पान बदामाच्या आकाराचं होतं खरं, पण देठ कडेला नव्हता, पानाच्या किंचित आत जोडलेला होता. ती पहाडवेल निघाली. सुदैवानं बाईंना काही झालं नाही. चूक त्यांची नव्हती, माझी होती. कुठली वेल, किती, किती दिवस, यातलं काहीच मी लिहून दिलं नव्हतं.

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरच्या दरम्यान मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांना आढळलं. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पुढे देशातल्या अनेक रुग्णालयांतून अशा ४३ रुग्णांची नोंद झाली. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, दुसरी जात असू शकते, असा आक्षेप आयुष मंत्रालयानं पहिल्या अहवालावर घेतला. आक्षेप रास्त होता. पण आपल्यातले पुष्कळ जण तो ऐकून निर्धास्त झाले, याचं मला वाईट वाटतं. वेल दुसरीच होती म्हणावं, तर ती ओळखायची कोणी होती? आणि काहींना आधीपासून यकृताचा छुपा आजार होता, तर काढा सांगण्यापूर्वी तो विचारायचा कोणी होता?

नावाचा घोटाळा किती महागात पडतो, हे बेल्जियमनं पाहिलं आहे. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी मिळत्याजुळत्या नावाची दुसरीच आली. शंभराहून अधिक जणांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडं बिघडली. ती वनस्पती आपल्याकडच्या सापसंदाच्या कुळातली होती.

औषधांची नावं आणि रूपं रानातल्या गुराख्यांना ठाऊक असतात, त्यांचा योग जाणतो तो खरा वैद्य, असं चरकाचार्य सांगतात. आज उलटं झालंय. योग आपल्याला तोंडपाठ, आणि रूप मात्र काष्ठौषधीच्या दुकानातल्या पुडीवर सोपवलेलं.

कायद्याकडे आपण कटकट म्हणून पाहतो. १९४० च्या औषध कायद्याखालच्या नियमांत ई(१) ही विषारी द्रव्यांची यादी आहे: बचनाग, कुचला, बिब्बा, गुंज, धोतरा, जमालगोटा, कण्हेर, कळलावी. यातलं द्रव्य असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, अशी सूचना छापावी लागते. पण स्वतःच्या रुग्णांसाठी स्वतः औषध करणाऱ्या वैद्याला याच कायद्यानं परवान्यातून सूट दिली आहे. म्हणजे आपल्या खलबत्त्यावर कोणी निरीक्षक येत नाही. बचनाग गोमूत्रात किती दिवस ठेवला, कुचला दुधात नीट शिजला का, हे फक्त आपल्याला माहीत असतं. एवढा विश्वास समाजानं टाकलाय, आणि आपण चिठ्ठीवर 'चूर्ण, दोन वेळा' एवढंच लिहितो!

"झाडपाल्यानं काय अपाय होणार?" हे वाक्य रुग्णाच्या तोंडी आलं तर समजू शकतं. वैद्याच्या तोंडी मला ते ऐकवत नाही. कळलावीचा कंद पोटात गेलेला माणूस ज्यानं पाहिलाय, तो ते कधी उच्चारणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. चिठ्ठीवर वनस्पतीचं पूर्ण नाव, कोणतं अंग, किती आणि किती दिवस, हे लिहा. चालू असलेल्या ॲलोपॅथिक गोळ्या विचारा, गरोदरपण विचारा. अपाय दिसला तर लपवू नका, आयुषच्या औषधदक्षता केंद्राला कळवा. आपली बदनामी कळवण्यानं होत नाही, दडवण्यानं होते.

आणि उद्या सकाळी सात वाजता आपण पारसिकच्या उतारावर जाणार आहोत. तोडायचं काही नाही, फक्त ओळखायचं. येताना भिंग आणा. गुळवेल आणि पहाडवेल शेजारी शेजारी धरून देठ पाहू.