बर्फात सोबतच वाचवते

आपण दारव्ह्याच्या, उन्हात रापलेल्या बाया. आज बोलू काश्मीरच्या गुलमर्गबद्दल. हिवाळ्यात तिथं पायाला स्की, म्हणजे लांब पट्ट्या, बांधून लोक बर्फाचा डोंगर चढतात अन् घसरत उतरतात. चढताना स्कीखाली केसाळ पट्टी लावतात, मग पाय मागे सरकत नाही.

भीती असते बर्फाचा कडा कोसळण्याची. गाडलेल्याला 15 मिनिटांत काढलं तर जगण्याची आशा मोठी. पुढं ती झपाट्यानं घटते. बाहेरची मदत इतक्यात पोचत नाही. म्हणून प्रत्येकाजवळ ठिकाण दाखवणारं यंत्र, लांब सळई अन् फावडं असतं. धोक्याच्या उतारावर एकेकानं जायचं, बाकीच्यांनी नजर ठेवायची. एकानंही ‘नको’ म्हटलं, की सगळ्यांनी परतायचं.

वावरात, विहिरीवर आपणही हेच पाळू: एकटीनं जायचं नाही, ‘नको’ म्हणणारीला हसायचं नाही.